शंकेची पाल

पावसाळ्यातली सकाळ होती. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका होते, तेव्हाची गोष्ट. अकरा वाजता एका मुलीला आईने पाठीवर घेऊन आणले. पोर दहा-अकरा वर्षांची. तिच्या पापण्या उघडत नव्हत्या, तोंडातून लाळ गळत होती, बोलायला गेली की शब्द घशातच अडकत होता. "काय झाले?" म्हणून विचारले. आजी म्हणाली, "काही नाही जी सिस्टर, राती पाल चावली. चुना लावला. सकाळून पोट दुखते म्हणते."

रात्री पोर खाली गोधडीवर झोपली होती. हाताला काही तरी टोचले म्हणून उठली. आईने दिवा लावला. भिंतीवर पाल दिसली. झाले, पालच चावली असे ठरले. पहाटे पोटात दुखायला लागले, उलटी झाली. मग एका बाबाकडे नेले. त्याने अंगारा दिला, लिंबू उतरवले, दोन तास बसवून ठेवले. पापण्या जड झाल्या, तर घरचे म्हणाले, रात्री झोप झाली नाही म्हणून.

मनगटावर मला दोन बारीक ठिपके दिसले. सूज नाही, रक्त नाही. ती मण्यार होती. आम्ही लस सुरू केली, फुगा दाबून श्वास दिला, गाडीत घालून जिल्ह्याला पाठवले. पोर वाटेतच गेली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. मी निवृत्त झाले. पण आजही कोणी "पाल चावली" म्हटले, की माझ्या अंगावर काटा येतो. तो पालीमुळे नाही. त्या पोरीचा जीव विषाने घेतला हे खरे. पण विष उतरवायला जे सात-आठ तास हातात होते, ते आपल्या चुकीच्या समजुतीने खाल्ले. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर मी पालीची वकिली करणार आहे. आपण भलत्यालाच आरोपी धरतो, आणि खरा गुन्हेगार मोकळा सुटतो.

अंगणातले चार शेजारी

आपल्या वस्तीत, परसदारी, पत्र्याच्या फटीत आणि सरपणाच्या ढिगात या जातीचे चार प्राणी दिसतात.

पहिली घरातली पाल. दिव्याभोवती फिरते, चुकचुक करते, भिंतीच्या फटीत एका वेळी दोन पांढरी अंडी घालते. तिच्या पायांच्या तळव्यांना डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात, त्यामुळे ती छताला उलटी चालते. धोका वाटला की शेपटी सोडून पळते. सुटलेली शेपटी वळवळत राहते, म्हणून शत्रूचे लक्ष तिकडे जाते, आणि पालीला पुन्हा शेपटी फुटते. ती खाते डास, झुरळ, पतंग, कोळी, वाळवीचे पंखवाले किडे.

दुसरा सरडा. कुंपणावर, बाभळीवर, शेवग्याच्या झाडावर बसतो. विणीच्या दिवसांत नराचे डोके आणि गळा लाल होतो. त्यावरून लोकांनी ठरवले की हा लांबूनच माणसाचे रक्त ओढून घेतो. पोरे त्याला दगडांनी मारतात आणि मोठी माणसे बघत उभी राहतात. तो लाल रंग रक्ताचा नाही, मादीला बोलावण्याचा आहे.

तिसरी सापसुरळी. तुकतुकीत, तपकिरी, पाय आखूड. पालापाचोळ्यात सळसळ करत जाते. दिसायला सापासारखी, म्हणून तिला सापाहून विषारी ठरवून टाकले. ती किडे खाते आणि माणसाला पाहून पळते.

चौथी घोरपड. ही मोठी. वस्तीच्या कडेला, नाल्याकाठी, शेताच्या बांधावर असते. उंदीर, अंडी, किडे, मेलेली जनावरे खाते. तिचा जबडा मजबूत असतो. कोपऱ्यात कोंडून धरले, तर चावते आणि जखम होते. ती जखम साबणाने धुवावी आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पण तिला कोंडायला जातो कोण? आपणच.

आता नीट ऐका. आपल्याकडच्या पालीला, सरड्याला, सापसुरळीला विषाचे दात नसतात. माणसाला विष टोचणारे सरडे जगात आहेत, पण ते अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मेक्सिकोत आणि त्याच्या शेजारी. पाल चावलीच, तर बहुधा कातडीसुद्धा फाटत नाही. ती जागा साबणाने धुतली की काम झाले.

म्हणून माझा पहिला नियम पाठ करा. रात्री झोपेत काही तरी चावले आणि काय चावले ते पाहिले नाही, तर "पाल असेल" असे म्हणू नका. "साप असेल" असे धरून दवाखाना गाठा. साप नसला, तर एक रात्र जागरण झाले एवढेच. असला, तर जीव वाचेल.

पाल पडलेले अन्न

"मग सिस्टर, भाजीत पाल पडून विषबाधा होते, ते काय खोटे?" हा प्रश्न मला प्रत्येक विहारात विचारला जातो.

पालीच्या अंगात साप-विंचवासारखे विष नाही. पण तिच्या आतड्यात आणि विष्ठेत जुलाब करणारे जंतू असू शकतात. साल्मोनेला हे त्यांतल्या एकाचे नाव. असे जंतू कोंबडीत, अंड्यात, उंदराच्या लेंड्यांत, माशीच्या पायांवर आणि न धुतलेल्या आपल्या हातांवरही असतात. उकळत्या भाजीत ते मरतात. पण शिजवून झाकण न ठेवता रात्रभर ठेवलेल्या भातात आणि वरणात ते वाढतात. म्हणून पाल पडलेले अन्न टाकून द्यावे, यात दुमत नाही. जेवण मोलाचे आहे हे मला कळते, तरी ते लेकरांना देऊ नका आणि जनावरालाही घालू नका.

मात्र कोणी ते अन्न आधीच खाल्ले असेल, तर घाबरून गोंधळ करू नका. बोटे घालून, मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. काहींना नुसत्या किळसेने उलटी होते. एका पोराने केली की दुसरेही करते. जंतूंचा त्रास बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतो: पोटात कळ, जुलाब, ताप. तेव्हा शरीरातले पाणी कमी होऊ न देणे हाच मुख्य उपचार. सरकारी दवाखान्यातली जलसंजीवनीची पुडी घरात ठेवा. नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा. लेकरू मलूल झाले, लघवी कमी झाली, जुलाबात रक्त दिसले, ताप उतरेना किंवा पोटात पाणी ठरेना, तर घरी थांबू नका. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाया यांना लवकर न्यावे.

आणि उपाय सोपा आहे. अन्न झाकून ठेवा, पाण्याच्या माठावर झाकण ठेवा, ताटवाट्या उपड्या ठेवा. पालीची विष्ठा ओळखता येते: काळी लेंडी आणि टोकाला पांढरा ठिपका. ती कोरडी झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, साबणाने हात धुवा. ज्या घरात हे होते, त्या घरात पाल छतावर राहते आणि माणसे खाली सुखाने जेवतात.

शकुन अजून गेला नाही

आता थोडे घरातले बोलते. राग मानू नका.

पंचांगात एक पान असते: अंगावर कुठे पाल पडली, तर काय फळ मिळते. डोक्यावर पडली तर एक, खांद्यावर पडली तर दुसरे. बाईला डावीकडे आणि पुरुषाला उजवीकडे चांगले, असे त्याचे हिशेब आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तेव्हा आपण ही पंचांगे मागे टाकली. कागदावर टाकली. पण आजही आपल्याच घरात बोलण्याच्या मध्ये पाल चुकचुकली की म्हातारी बोटाने जमीन ठोकते. अंगावर पाल पडली की सून अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळीला पळते. मुलगी पाहायला निघालेले लोक पाल आडवी गेली म्हणून अर्धा तास थांबतात.

पाल पडते, कारण छतावर तिचा पाय घसरतो. किड्याच्या मागे धावताना घसरतो, दुसऱ्या पालीशी भांडताना घसरतो. खाली तुमचे डोके होते, हा तुमचा योग नव्हे. आंघोळ करा, स्वच्छता म्हणून करा. मनातल्या भीतीसाठी करू नका. मराठीत "शंकेची पाल चुकचुकली" असे म्हणतात. ही पाल भिंतीवर नाही, आपल्या मनात बसली आहे. तिला आधी हाकला.

कोणी म्हणेल, एवढ्याशा शकुनाने काय बिघडते? त्या पोरीचे काय बिघडले ते वर सांगितले. ज्या घराला पालीत अशुभ दिसते, ते घर अंगारा आधी शोधते आणि दवाखाना नंतर. सवय एकच आहे.

भीतीचा बाजार

आपण घाबरतो, आणि दुसऱ्याचा धंदा चालतो. फुटपाथवर, आठवडी बाजारात बाटल्या मांडलेल्या दिसतात: घोरपडीचे तेल, सांड्याचे तेल. सांधे दुखतात म्हणून, पुरुषाची ताकद वाढावी म्हणून घेतात. ते तेल म्हणजे त्या प्राण्याची चरबी, बाकी काही नाही. त्याने ना गुडघा बरा होतो ना ताकद येते. ज्याचा गुडघा सुजलेला आहे, ज्याला मधुमेह आहे, त्याचे उपचार मात्र वर्ष-वर्ष लांबतात.

त्याहून वाईट "हत्ताजोडी". लक्ष्मी घरात येते म्हणून कुंकवाच्या डबीत ठेवायला विकतात, दुर्मिळ झाडाची मुळी म्हणून. वन्यजीवांच्या तस्करीचा शोध घेणाऱ्यांनी २०१७ साली उघड केले, की ती मुळी नाहीच. ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. तिजोरीत ठेवून त्याला नमस्कार करणाऱ्यांना हे एकदा सांगून पाहा.

आणि कायदाही जाणून घ्या, कारण पकडला जातो तो गरीब. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे, पकडणे, तिचे मांस, कातडे किंवा अवयव बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड होतो. तेल विकणारा दुसऱ्या गावाला निघून जातो, आणि बाटली तुमच्या घरात सापडते. वस्तीत घोरपड शिरली, तर काठ्या घेऊन धावू नका. लेकरांना आत घ्या, कुत्रे बांधा, तिला वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाला कळवा.

पालीला मारण्याचे जे विष घरात येते, त्याची भीती मला पालीपेक्षा जास्त वाटते. डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात टाकतात. लेकरू त्या गोळीला खडीसाखर समजून तोंडात टाकते. तिने रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात आणि पोर पिवळे पडते. शेतावरचे औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून मोरीवर ठेवतात, आणि तहानलेले पोर ते तोंडाला लावते. असल्या घरात पाल मेली, तरी आपण जिंकलो असे मी म्हणणार नाही. किळस येते, हे मला मान्य आहे. सगळ्यांनाच पाल आवडली पाहिजे असे माझे म्हणणे नाही. झाडूने हाकला, खिडकीला जाळी लावा, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. दिव्याखालचे किडे कमी झाले की पालीही कमी होतात. पाल जास्त दिसणे म्हणजे किडे जास्त असणे. आणि किडे जास्त असणे म्हणजे तुंबलेली गटार आणि न उचललेला कचरा.

खरा गुन्हेगार ओळखा

मण्यार काळी-निळसर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने. रात्री फिरते. उंदीर, दुसरे साप, बेडूक आणि पालीसुद्धा खाते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचे दात बारीक असतात, म्हणून चावल्याचे कळतही नाही. सूज येत नाही. पहाटे पोटदुखी, उलटी, घसा दुखणे. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. कवड्या नावाचा बिनविषारी साप दिसायला तिच्यासारखा असतो, आणि तो घरात येतो तो पाली खायलाच. पण रात्रीच्या अंधारात कवड्या की मण्यार हे ओळखण्याची परीक्षा देऊ नका.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. मेलेली माणसे कोण? शेतावर राबणारी, खाली झोपणारी, दवाखान्यापासून लांब राहणारी. म्हणजे आपणच.

संशय आला की हे करा. माणसाला झोपवा, धीर द्या, चालू-पळू देऊ नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा. उलटी होत असेल, तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा, आणि गाडी येत नसेल, तर मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. चिरू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चारून परीक्षा घेऊ नका. साप मारून आणायला मागे धावू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते, आणि ती फक्त रुग्णालयातच देता येते.

झोपताना खाट वापरा. खाट नसेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. तीच डासालाही अडवते आणि मण्यारीलाही. सरपण आणि विटांचा ढीग भिंतीपासून लांब रचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या.

मैत्री म्हणजे डोळे उघडे ठेवणे

अंगुत्तर निकायात अहिराज सुत्त आहे. आपल्यातले काही उपासक ते खंध परित्त म्हणून म्हणतात. सावत्थीत एक भिक्खू साप चावून मेला, त्या प्रसंगी भगवंतांनी सापांच्या चार कुळांविषयी मैत्रीची भावना करायला सांगितले. त्या सुत्तात सापाबरोबर विंचू, गोम, कोळी, पाल आणि उंदीर यांचीही नावे येतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांतही हेच शेजारी होते. मला त्यात एक मोठी गोष्ट दिसते: भगवंतांनी त्यांना मारायला सांगितले नाही, आणि त्यांना देव म्हणून पुजायलाही सांगितले नाही.

पण सुत्त हे औषध नाही. कोणी अंगाऱ्याच्या जागी परित्त बसवेल, तर बाबा बदलला एवढेच होईल, सवय तीच राहील. सुत्त म्हणायचे असेल, तर रुग्णवाहिकेत बसून म्हणा.

आणि शेवटची गोष्ट एकट्या घराने करायची नाही, वस्तीने करायची आहे. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचला का, हे आपणच विचारले पाहिजे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पाच जण निघा. केंद्रात लस आहे का, किती आहे, रात्री ती द्यायला कोण असते, हे लेखी विचारा. उत्तर विहाराच्या फळ्यावर लावा. गटारीचा आणि रस्त्याच्या दिव्याचा अर्जही त्याच दिवशी द्या.

त्या पोरीच्या आईला मी नंतर एकदा बाजारात भेटले. ती म्हणाली, "सिस्टर, आता घरात पाल दिसली की मारतो." मी तिला काय सांगणार होते? मी गप्प राहिले. तेव्हा जे सांगायला हवे होते, ते आज लिहिले. ताई, पालीला जगू दे. पोरांना खाटेवर झोपव, मच्छरदाणी खोच, आणि रात्री काही टोचले तर सकाळची वाट पाहू नकोस.

जय भीम. सबका मंगल हो.